हाळी देणारा फोन



वैशाख चालू आहे. शाळूचा कडबा घरी आला, गंज्या रचून झाल्या. विहिरींनी तळ गाठला आहे आणि गावोगाव लग्नाचे मांडव पडले आहेत. आगीची भीती याच दिवसांत जास्त असते. आज-उद्या वळवाचे ढग येतील आणि विजाही कडाडू लागतील. म्हणून या वेळी बियाणे-खतांचा विषय बाजूला ठेवतो. संकटाच्या वेळी गावाला हाक कशी द्यायची, याविषयी आज बोलू.

आमच्या लहानपणी हे काम हाळी करीत असे. बैल विहिरीत पडला, गंजीला जाळ लागला, कुणाला पान लागले, की बांधावर उभे राहून हाळी द्यायची. ऐकणारा ती पुढच्या मळ्याला द्यायचा. गावात कोतवालाची दवंडी होती, रात्रीची गस्त होती. आता वस्त्या पांगल्या. घरे पक्की झाली, दारे बंद, आत पंखा नाहीतर कूलर, वर टीव्हीचा आवाज. ओढ्यापलीकडची हाळी अलीकडे ऐकू येत नाही. रात्रपाळीच्या विजेवर शेजारी मोटार चालू असली, तर शंभर पावलांवरचाही आवाज कानी पडत नाही.

हाळीची जागा आता फोनने घेतली आहे. पण फोनची हाळी नीट बसवली नाही, तर काय होते याचा एक अनुभव सांगतो. चूक माझीच होती, म्हणून नाव कुणाचे घेत नाही.

तक्ता मीच आखला होता

काही वर्षांपूर्वी माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावाने फोनवरून इशारा देणारी यंत्रणा घेतली. एका माणसाने फोन केला की साऱ्या गावाचे फोन वाजतात, अशी ती सोय. गावातले फोन नंबर गोळा करायचे होते. खात्याचा माणूस म्हणून ग्रामसभेत तक्ता आखायचे काम माझ्याकडे आले. मी सवयीने तीन रकाने पाडले : अनुक्रमांक, कुटुंबप्रमुखाचे नाव, फोन नंबर. तासाभरात यादी पुरी झाली. टाळ्या वाजल्या, चहा झाला, आम्ही घरी गेलो.

पुढच्या चैत्रात ओढ्याकाठच्या एका वस्तीवर रात्री नऊच्या सुमारास गोठ्याला आग लागली. गोठ्याला लागूनच कडब्याची गंजी होती. घरचे तात्या भाच्याच्या लग्नाला तालुक्याला गेले होते. घरी वहिनी आणि अंथरुणाला खिळलेली सासू. वहिनींना यंत्रणेचा नंबर पाठ होता. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला त्यांनी रोज वाचला होता. त्यांनी तो लावला. पण यादीत नंबर होता तात्यांचा. वहिनींच्या फोनची नोंद नव्हती, म्हणून निरोप पुढे गेला नाही. तात्यांना फोन केला, तर तो बँडच्या गोंगाटात कोटाच्या खिशात वाजत राहिला.

शेवटी वहिनी अनवाणी धावत पलीकडच्या वस्तीवर गेल्या. माणसे येईपर्यंत वीस मिनिटे गेली. गाय दोरीला होती, ती दोरी जळाल्यावर सुटून बाहेर पडली. सात महिन्यांची गाभण म्हैस साखळीला होती. ती गेली. वर्षाचा कडबा गेला, गोठ्याचे पत्रे तेवढे उरले.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला मी तेथे होतो. वहिनी मला एवढेच म्हणाल्या, "साहेब, घरी मी असते. मग नंबर त्यांचा कशाला घेतला?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तीस वर्षे मी शेतकऱ्यांचे तक्ते भरतो आहे. सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याचे नाव लिहायची हाताला सवय लागली आहे. पण आग सातबारा पाहून लागत नाही. त्या वेळी घरी जो असेल, त्यालाच हाक द्यावी लागते.

यंत्रणा चालते कशी?

आपल्याकडे या प्रकारची माहितीतली सोय म्हणजे ग्राम सुरक्षा यंत्रणा. पोलीस खात्याने पुणे, नाशिक, अहिल्यानगर, सातारा अशा अनेक जिल्ह्यांत तिचा प्रसार केला आहे. गावातील लोकांचे फोन नंबर तिच्यात गाववार नोंदवलेले असतात. संकटात सापडलेल्या माणसाने ठरलेल्या टोल फ्री क्रमांकावर फोन करायचा आणि आपल्याच आवाजात निरोप सांगायचा. संगणक तो निरोप मुद्रित करून घेतो आणि त्याच वेळी गावातील नोंदलेल्या फोनांवर कॉल लावतो. फोन उचलला की समोरच्याला तुमचाच आवाज ऐकू येतो. हा कॉल असल्यामुळे साधा बटणांचा फोनही चालतो, इंटरनेट लागत नाही.

काही जण म्हणतात, आमच्या गावाचा व्हॉट्सॲपचा गट आहे, मग हे कशाला? दिवसा निरोप देण्यासाठी गट उत्तमच. पण रात्री दोन वाजता गटावर आलेला निरोप आपण सकाळी चहाबरोबर वाचतो. कॉल मात्र वाजत राहतो आणि माणूस उठतो.

नोंदणी नसलेल्या फोनवरून निरोप पुढे जात नाही, ही अट मुद्दाम आहे. खोडसाळपणा करणारा त्यामुळे सापडतो. म्हणजे या यंत्रणेचा सारा जीव तिच्या यादीत आहे. वेग संगणकाकडे आहे, पण यादी आपणच करायची असते.

यादी कशी करावी?

प्रत्येक घरातून निदान दोन नंबर घ्या. पहिला नंबर जो माणूस बहुतेक वेळ घरी असतो त्याचा. बहुतेक घरांत ती बाई असते, कोठे म्हातारे आजोबा असतात. दुसरा नंबर कर्त्या माणसाचा. आमच्या गावच्या नव्या तक्त्यात पहिल्याच रकान्यावर आता "घरी असणारी व्यक्ती" असे लिहिले आहे.

यादी वस्तीवार करा. मळा, वाडी, मळई, तांडा, जे नाव लोकांच्या तोंडी असेल तेच लिहा. गट नंबर सांगून रात्री कुणी धावत येत नाही. "आंब्याची विहीर" म्हटले की पाय आपोआप वळतात.

नोकरीला पुण्या-मुंबईला गेलेल्यांचे नंबर यादीतून काढा. त्यांची झोपमोड होते आणि मदत काही होत नाही. ज्यांनी सिमकार्ड बदलले त्यांचे नवे नंबर घाला. असे जुने नंबर राहिले, तर यादी वहीत मोठी दिसते, पण वेळेला उपयोगी पडत नाही.

आणखी एक वर्ग आपण नेहमी विसरतो. सालगडी, मेंढपाळांचा वाडा, ऊसतोड कामगारांची टोळी. टोळी पाच-सहा महिने आपल्या शिवारात पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोपीत राहते. आगीचा, सापाचा, बिबट्याचा धोका सर्वांत जास्त तिलाच, आणि गावात तिच्या ओळखीचे कुणी नसते. टोळी उतरली की मुकादमाचा आणि कोपीवर राहणाऱ्या एका बाईचा नंबर नोंदवून घ्या. तो गळीत हंगामापुरता असला तरी चालेल.

निरोपात काय सांगावे?

घाबरलेला माणूस नुसता ओरडतो. "या हो, धावा हो" एवढाच निरोप गेला, तर शंभर माणसे उठतात आणि कोठे जायचे हे विचारायला एकमेकांना फोन करतात. म्हणून चार गोष्टी क्रमाने सांगायची सवय लावा : मी कोण, कोठे, काय झाले, काय घेऊन या. उदाहरणार्थ, "मी आंब्याच्या विहिरीवरून बोलते. गोठ्याला आग लागली आहे. ओढ्याच्या वाटेने या. पाण्याचा टँकर आणि ब्लोअर आणा." एवढे बोलायला दहा-पंधरा सेकंद लागतात.

ब्लोअरचे नाव मुद्दाम घेतले. द्राक्ष-डाळिंबाच्या भागात ट्रॅक्टरमागे फवारणीचे ब्लोअर असतात. कित्येकांची टाकी सहाशे लिटरची असते. अग्निशमन बंब तालुक्याहून येईपर्यंत हाच आपला बंब. उन्हाळाभर वस्तीतील एका तरी ब्लोअरची टाकी औषध धुऊन काढून स्वच्छ पाण्याने भरून ठेवावी. मात्र आगीवर पाणी मारण्याआधी गोठ्याची वीज बंद झाली आहे ना, याची खात्री करा. वायरमनचा नंबर यादीत हवाच.

गावाला हाक दिली म्हणून सरकारी मदत मागायची राहू नये. पोलीस आणि अग्निशमन दलासाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जनावरांच्या डॉक्टरसाठी १९६२ हे नंबर घरातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असावेत. गावची हाक आणि सरकारी फोन, ही दोन कामे दोन माणसांनी एकाच वेळी करावीत.

किती झाल्यावर हाक द्यायची?

हा प्रश्न आमच्या शेतीशास्त्रातला आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. २००८ साली सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९ पासून आपल्या राज्यात क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला. ठरलेल्या शेतांत जाऊन किडी मोजायच्या, आकडे संगणकावर पाठवायचे आणि धोका दिसला की शेतकऱ्यांना सल्ला द्यायचा, अशी त्याची रीत. पण धोका दिसला म्हणजे काय? एक अळी दिसली की गावभर संदेश पाठवला, तर लोक उगाच फवारण्या करतील आणि पुढे संदेशच वाचायचे सोडतील. म्हणून प्रत्येक किडीची एक मर्यादा ठरवलेली असते. तिला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. कपाशीतील गुलाबी बोंडअळीचे पाहा. कामगंध सापळ्यात एक-दोन पतंग दिसणे ही नोंद झाली. सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आले, की तो इशारा झाला.

गावच्या यंत्रणेलाही अशीच पातळी हवी. ग्रामसभेत बसून ती आधीच ठरवा. आग, दरोडा, पूर, अपघात, हरवलेले मूल, सर्पदंश, वस्तीत शिरलेला बिबट्या, यांसाठी लगेच हाक. कुठे कुत्री भुंकली, कुणाची शेळी सांजेला आली नाही, यासाठी शेजाऱ्याला फोन. काही गावांनी ग्रामसभेच्या, रेशनच्या, पाणीपट्टीच्या सूचनाही याच मार्गाने द्यायला सुरुवात केली. सोय आहे खरी, पण आठवड्याला चार सूचना येऊ लागल्या की लोक आवाज ओळखून फोन कापतात. मग ज्या रात्री खरी हाक येईल, त्या रात्रीही तो कापला जाईल. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो. ती मोठ्यांनाही लागू आहे.

वरून येणारे इशारे

आतापर्यंत आपण शेजाऱ्याला दिलेल्या हाकेबद्दल बोललो. पण काही संकटांत हाक द्यायला माणूसच उरत नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. बाहेरच्या जगाला ही गोष्ट कळली ती एस.टी.च्या चालकामुळे. नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला, तर गाव जागेवर नव्हते. अशा ठिकाणी संकट येण्यापूर्वीच इशारा मिळायला हवा, आणि तो वरूनच यावा लागतो.

त्या दिशेने बरेच काम झाले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विजांसाठी दामिनी नावाचे ॲप तयार केले आहे. आपल्या भोवती २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडत असेल, तर ते सावध करते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे सचेत हे ॲप पूर, वादळ, अतिवृष्टी यांचे इशारे देते. २०२३ साली दूरसंचार खात्याने आणखी एक चाचणी घेतली. तुमच्यापैकी कित्येकांचे फोन तेव्हा एकाएकी मोठ्याने वाजू लागले होते आणि पडद्यावर चाचणीचा संदेश आला होता. काही जण घाबरले, काहींना फोन बिघडला असे वाटले. त्या पद्धतीत कुणाचा नंबर नोंदवावा लागत नाही. ठरावीक भागातल्या टॉवरच्या टप्प्यात जे फोन ती सोय घेऊ शकतात, त्या सर्वांवर संदेश एकदम उमटतो. पुन्हा कधी फोन तसा वाजला, तर बंद करण्याआधी वाचा.

आता अडचण पाहा. दामिनी असते मुलाच्या फोनवर, मुलगा असतो कॉलेजात, आणि खुरपणीच्या बाया असतात रानात. इशारा फोनपर्यंत आला, रानापर्यंत आला नाही. म्हणून वस्तीवार एकेक माणूस नेमा. पावसाळ्यात वळवापासून परतीच्या पावसापर्यंत त्याने हे इशारे पाहावेत आणि रानातल्या माणसांना फोन करून घरी बोलवावे. रानात ज्यांच्याजवळ फोनच नाही, त्यांनी कान उघडे ठेवावेत. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. दर ३ सेकंदांना साधारण १ किलोमीटर अंतर धरा. ३० सेकंदांच्या आत आवाज आला, तर काम टाकून पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका, विजेच्या खांबाजवळ, विहिरीच्या लोखंडी पायऱ्यांजवळ उभे राहू नका. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास गेल्याशिवाय पुन्हा रानात उतरू नका.

फोन नव्हे, माणसे मोजा

यंत्रणा बसवून झाली, यादी झाली, म्हणजे काम झाले असे नाही. वर्षातून दोनदा चाचणी घ्या, एकदा मृगापूर्वी आणि एकदा दिवाळीनंतर. आधी सर्वांना दिवस सांगा, वेळ सांगू नका. एखाद्या वस्तीवरून घरातल्या बाईला हाक द्यायला लावा. फोन किती वाजले हे संगणक सांगेल. तुम्ही त्या वस्तीवर उभे राहून पंधरा मिनिटांत किती माणसे आली ते मोजा, आणि हातात काय घेऊन आली तेही पाहा. आमच्या गावच्या पहिल्या चाचणीत फोन तीनशेवर वाजले, माणसे आली अकरा. त्यात बादली एकाच्याच हातात होती. मग आम्ही कामे वाटून दिली. टँकर कुणी आणायचा, वीज कुणी तोडायची, जनावरे कुणी सोडायची, ११२ ला फोन कुणी करायचा, रस्त्यावर उभे राहून वाट कुणी दाखवायची. पुढच्या चाचणीला चौतीस माणसे आली आणि दोन ब्लोअर आले.

घरच्या घरी करायच्या दोन गोष्टीही लगेच करा. गोठ्याच्या दाराशी, हात पोचेल अशा जागी, एक धारदार विळा कायम टांगून ठेवा. आगीत दाव्याची गाठ सोडवत बसायला वेळ नसतो. जनावर साखळीला असेल, तर साखळी आणि खुंटा यांच्यामध्ये दोन हात दोरी घाला, म्हणजे ती कापता येईल. आणि गोठ्याला चिकटून गंजी रचू नका. जागा कमी आहे हे मला ठाऊक आहे, पण त्या दोहोंच्या मधून ट्रॅक्टर जाईल एवढी तरी वाट सोडा.

वहिनींची हकीकत पुरी करून थांबतो. त्यांचा नंबर आता यादीत पहिला आहे. गेल्या हंगामात पौषातल्या एका रात्री ओढ्यापलीकडे ऊसतोडीच्या कोपीतून जाळ दिसला, तो त्यांनाच प्रथम दिसला. त्यांनी हाक दिली : मी कोण, कोठे, काय झाले, काय आणा. बारा मिनिटांत माणसे पोचली. दोन कोपी जळाल्या, पण पोरेबाळे बाहेर निघाली, बैल सुटले. दुसऱ्या दिवशी गावातून लुगडी, पीठ-मीठ आणि ताडपत्र्या जमा झाल्या. मी भेटायला गेलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "त्या बाईचा नंबर यादीत होता हो. पण तिला वाचता येत नाही, भिंतीवरचा नंबर तिला कुणी सांगितलाच नव्हता."

म्हणजे आमचा तक्ता अजून पुरा झालेला नाही. यंदा टोळ्या उतरल्या की कोपीकोपीवर जाऊन तो नंबर त्यांच्या फोनमध्ये भरून द्यायचा, आणि कोणते बटण दाबायचे ते दाखवायचे, असे आम्ही ठरवले आहे.

तुमच्या गावात अशी यंत्रणा असेल, तर आज रात्री जेवायला बसाल तेव्हा घरच्यांना एकच विचारा : आपल्याकडून नंबर कुणाचा दिला आहे? आणि यंत्रणा नसेल, तर येत्या ग्रामसभेत पोलीस पाटलांच्या कानावर विषय घाला. सभेला घरच्या बायकांनाही बरोबर न्या. संकटाच्या वेळी घरी कोण असते, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते.